मोरसच्या मळ्यावर गेलेला पूर्वज कागदांत कसा शोधायचा

जुन्या मराठी घरांत पांढऱ्या साखरेला ‘मोरस साखर’ म्हणत. मोरस म्हणजे मॉरिशस. साखर मुंबई बंदरात उतरायची आणि बेटाचं नाव स्वयंपाकघरातल्या डब्यापर्यंत पोचायचं. ती साखर काढायला गेलेला चुलत पणजोबा मात्र घरच्या बोलण्यातून हळूहळू पुसला गेला. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, ठाणे या भागांतून गेलेल्यांचे वंशज आज मॉरिशसमध्ये मराठी म्हणून ओळखले जातात. तिथे गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते. पण आपलं मूळ गाव कुठलं, हे त्यांतल्या बहुतेकांना सांगता येत नाही. आणि इकडे कोकणात ‘आमचा एक जण तिकडे गेला तो आलाच नाही’ यापुढे गोष्ट सरकत नाही.

ती सरकवता येते. 1834 ते 1910 या काळात सुमारे साडेचार लाख माणसं हिंदुस्थानातून मॉरिशसला कराराच्या मजुरीसाठी नेली गेली आणि त्यांच्याबद्दल वसाहतीच्या सरकारने अफाट कागद लिहिला. माणसावर प्रेम होतं म्हणून नव्हे, त्याच्या भाड्याचा, पगाराचा आणि गैरहजेरीचा हिशेब हवा होता म्हणून. 2015 साली या नोंदी युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत गेल्या. हा लेख त्या कागदांत शिरायचं कसं, याबद्दल आहे. मॉरिशसहून इकडे शोधणाऱ्यांसाठीही आणि इकडून तिकडे शोधणाऱ्यांसाठीही.

आधी आकडा, मग नाव

नवखा माणूस नावापासून सुरुवात करतो आणि तिथेच अडकतो. रामजी, सखाराम, विठू, गणू, लक्ष्मण ही नावं जहाजामागे दहा-दहा सापडतात. मॉरिशसमध्ये उतरलेल्या प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळत असे. तो क्रमांक त्याला मरेपर्यंत चिकटलेला असे. मळा बदलला, मालक बदलला, कारकुनाने नावाची तीन स्पेलिंगं केली, तरी क्रमांक तोच. लग्नाच्या दाखल्यात, मृत्यूच्या दाखल्यात, पोलिसांच्या नोंदीत, पुढे जमीन घेतली असेल तर बऱ्याचदा खरेदीखतातही तो नावापुढे लिहिलेला दिसतो. तेव्हा पहिलं काम एकच: क्रमांक मिळवा.

मॉरिशसच्या घरात तो कुठे असू शकतो? जुन्या पेटीतल्या परवान्यावर. पाच वर्षांचा करार संपवलेल्या मजुराला तिथे ‘ओल्ड इमिग्रंट’ म्हणत, आणि 1867 च्या कायद्याने अशा माणसाला स्वतःचं छायाचित्र लावलेलं तिकीट सतत जवळ बाळगावं लागे. ते नसलं तर पकड. म्हणून ही तिकिटं घरांत जपली गेली, पुढे देवघराच्या फडताळात किंवा पत्र्याच्या ट्रंकेत जाऊन पडली. तिकीट नसेल तर दाखल्यांची साखळी धरावी लागते. आईवडिलांचा लग्नाचा दाखला, त्यातून आजोबांचं नाव, आजोबांचा जन्मदाखला, त्यातून पणजोबा. एक पिढी सोडून उडी मारू नका. मॉरिशसमध्ये फ्रेंच काळापासून नागरी नोंदणी आहे, त्यामुळे ही साखळी आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी लांब जाते.

साखळी कुठे तुटते तेही सांगतो. धार्मिक विधीने झालेलं लग्न सरकारदरबारी नोंदवलं नसेल, तर ते लग्न कायद्याच्या लेखी झालेलंच नसे. मग मुलं अनौरस म्हणून आईच्या नावावर लागत. तेव्हा बापाच्या नावाने काही मिळालं नाही तर लगेच आईच्या नावाने शोधा. एकाच घरातल्या दोन सख्ख्या भावांची आडनावं वेगळी सापडली तर दचकू नका. एकाचा जन्म नोंदणीच्या आधीचा, दुसऱ्याचा नंतरचा, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

मोकाच्या नोंदवह्या

क्रमांक हाती आला की पत्ता एकच: मॉरिशसमधल्या मोका इथली महात्मा गांधी संस्था. हिंदुस्थानी मजुरांच्या स्थलांतराच्या मूळ नोंदवह्या तिच्या अभिलेखागारात आहेत. वंशज असल्याचे दाखले जोडून अर्ज केला की नोंदीचा उतारा मिळवता येतो. हल्ली अर्जांना वेग आहे, कारण मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या दौऱ्यात मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्डाची (परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून मिळणाऱ्या ओळखपत्राची) वाट मोकळी झाल्याचं जाहीर झालं. कार्डासाठी का होईना, लोक पणजोबाचा कागद मागू लागले. मला त्यात काही वावगं वाटत नाही. आपल्याकडेही 2023 साली कुणबी नोंदींची शोधमोहीम निघाली तेव्हाच कितीतरी तालुक्यांतली मोडी दप्तरं पहिल्यांदा उघडली गेली.

उतारा आला की एकेक रकाना सावकाश वाचा. साधारणपणे त्यात क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा-परगणा-गाव, जहाज, येण्याची तारीख आणि कोणत्या मळ्यावर पाठवलं हे असतं. शेरा म्हणून पुढे बदली, मृत्यू किंवा परत गेल्याची तारीख. सगळे रकाने सगळ्या वर्षी भरलेले नसतात. सुरुवातीच्या वह्या विशेष तुटक आहेत.

वयावर विश्वास ठेवू नका. 20, 25, 30 असे गोल आकडे दिसले की समजावं, कारकुनाने चेहरा बघून टाकले. खूण मात्र खरी असते. कपाळावरचा व्रण, गोंदण, देवीचे वण हे पळालेला माणूस ओळखण्यासाठी लिहून ठेवलेलं असे, म्हणून त्यात काळजी घेतलेली दिसते.

नाव वाचताना डोळ्यांनी नव्हे, कानांनी वाचा. मराठी माणसाने सांगितलं, दुभाष्याने ऐकलं, इंग्रजीत कुणीतरी लिहिलं आणि पुढे फ्रेंच बोलणाऱ्या कारकुनाने त्याची नक्कल केली. विठूचा बिट्टू होतो, ‘ळ’चा ल किंवा र होतो, शेवटच्या ‘जी’ला आणि ‘बा’ला वाटेल ते रूप येतं. रोमन अक्षरांत लिहिलेलं नाव मोठ्याने चार पद्धतींनी म्हणून बघा, त्यातली एक कोकणातल्या म्हाताऱ्या माणसाला ओळखीची वाटेल. आडनाव शोधू नका. परब, सावंत, कदम ही कुळनावं बहुधा नोंदीत येतच नाहीत. बापाचं नाव हेच मॉरिशसमध्ये पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं.

आता दोन खड्डे. पहिला: ‘मुंबईहून आला’ म्हणजे मराठी, असं गृहीत धरू नका. मुंबई बंदरातून इतर प्रांतांतलेही लोक गेले. उलट मुंबईतच मजुरी करणाऱ्या कोकण्याने गाव म्हणून ‘मुंबई’ सांगितलेलं असू शकतं. दुसरा खड्डा मराठी वाचकासाठी खास आहे. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून 36 मजूर पोर्ट लुईला उतरले. मॉरिशसमध्ये आजही 2 नोव्हेंबरला सुट्टी असते. त्या मजुरांना कागदोपत्री ‘धांगर’ म्हटलेलं आहे. हे आपले मेंढपाळ धनगर नव्हेत. कलकत्त्याच्या कागदांत छोटा नागपूरच्या डोंगरी जमातींना तो शब्द वापरत. केवळ त्या एका शब्दावरून आपला वंश पहिल्या जहाजाशी जोडणारे भेटतात.

जातीचा रकाना हा नाजूक भाग. कधी तिथे खरी जात असते, कधी नुसतं ‘मराठा’ लिहून सगळ्या मराठी बोलणाऱ्यांना एका ओळीत बसवलेलं असतं, कधी माणसानेच वेगळं सांगितलेलं असतं. समुद्रापलीकडे नवं आयुष्य सुरू करताना कुणी आपली जात बदलून सांगितली असेल, तर तो त्याचा निर्णय होता. उतारा सगळ्या भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकण्याआधी एवढा विचार करावा.

छायाचित्रांबद्दल आशा बेताची ठेवा. ती 1860 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पद्धतशीर घेतली जाऊ लागली. मुंबईहून गेलेल्यांचे मोठे लोंढे त्याआधीचे आहेत. तुमचा पूर्वज 1850 साली उतरला असेल, तर त्याचं चित्र मिळेल ते तो पुढे तिकीट काढण्याइतका जगला तरच. 1866 ते 1868 मध्ये बेटावर मलेरियाची भयंकर साथ आली आणि हजारो लोक गेले. नोंद त्या वर्षांत अचानक थांबली असेल तर आधी मृत्यूच्या वह्या पाहा.

आणि 1834 च्या आधीचा माणूस असेल तर? तोही असू शकतो. 1815 ते 1837 या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून सुमारे 1500 कैदी मॉरिशसला रस्ते आणि पूल बांधायला पाठवले होते. घरात ‘आमचा पूर्वज सरकारी कामावर आला’ अशी मोघम आठवण असेल तर ही शक्यता मनातून काढू नका.

मळ्याचे स्वतःचे कागद

इथवर बरेच जण येतात आणि थांबतात. मोकाच्या नोंदीतून माणूस कधी आला ते कळतं, पण रोजचं कसं जगला ते कळत नाही. ते मळ्याच्या दप्तरात असतं.

मळ्याचं नाव नोंदीत असतंच, पण सावध राहा. बेटावर एकसारख्या नावांचे मळे आहेत. ‘माँ देझेर’ या नावाचा एक मळा आल्मापाशी, दुसरा माँ त्रेझोरपाशी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अडीचशेहून अधिक साखर कारखाने होते, ते पुढे एकमेकांत विलीन होत गेले. तेव्हा क्रम असा ठेवा: आधी नोंदीच्या वर्षी त्या मळ्याचा मालक कोण, मग तो मळा कुणाला विकला, मग आज ती जमीन कुठल्या कंपनीकडे. जुने कागद उरले असतील तर ते त्या शेवटच्या वारसाकडे किंवा मालक कुटुंबाच्या खासगी कागदांत असतात. कारखान्याची दप्तरं दमटपणा, वाळवी, 1892 च्या एप्रिलमधलं चक्रीवादळ आणि हिशेबनीसाची साफसफाई यांतून वाचलेली असतात, हे लक्षात ठेवून मागणी नम्रपणे करा. पूर्वज तिथे राबला म्हणून आपला तिथे हक्क आहे, हे खरं असलं तरी पहिल्या पत्रात लिहायचं वाक्य नव्हे.

खासगी दार उघडलं नाही तरी हरकत नाही. मॉरिशसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात नोटरींचे दस्त आहेत, आणि ही माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित खाण आहे. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं तरी दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचाच राहिला, त्यामुळे मळ्याची विक्री, गहाण, भागीदारी, मालकाच्या मृत्यूनंतरची मालमत्तेची यादी, सगळं नोटरीपुढे फ्रेंचमध्ये लिहिलं गेलं. या याद्यांत कढया, बैलगाड्या, खेचरं, मजुरांच्या झोपड्या मोजलेल्या असतात. साखरेचे भाव घसरल्यावर मोठ्या मळ्यांनी कडेच्या जमिनींचे तुकडे पाडून विकायला काढले. ते घेणारे बहुतेक जुने मजूर होते. तुमच्या घराण्याने जमीन कधी घेतली हे माहीत असेल, तर त्या नोटरीचा दस्त मिळवा. मजुराचा शेतकरी झाला तो क्षण त्या कागदावर असतो, अंगठ्याच्या किंवा फुलीच्या निशाणीसह.

फ्रेंच येत नसेल तर आधी एवढं पाठ करा. ‘आबितास्याँ’ म्हणजे घर नव्हे, मळा. ‘काँ’ म्हणजे मजुरांची वस्ती. ‘मालाद’ म्हणजे आजारी. ‘मारोनाज’ म्हणजे पळून जाणं, हा शब्द गुलामगिरीच्या काळातला, पण तो मजुरांनाही लावला गेला. जमीन ‘आरपाँ’मध्ये मोजलेली असते, एक आरपाँ एकरापेक्षा किंचित मोठा. आणि 1870 च्या दशकात रुपया अधिकृत होईपर्यंत रकमा ‘पियास्त्र’मध्ये दिसतात, एक पियास्त्र साधारण 2 रुपये.

पगाराची वही हाती लागली तर नशीबच. ती वाचताना बेरजेकडे नव्हे, वजाबाकीकडे बघा. करारावरचा पगार महिना 5 रुपये आणि वर शिधा: तांदूळ, डाळ, मीठ. पण ‘डबल कट’ नावाचा नियम होता. एक दिवस कामावर आला नाही की दोन दिवसांचा पगार कापायचा. म्हणजे महिन्यात 6 दिवस तापाने पडलेल्या आणि गैरहजर धरलेल्या माणसाचे 12 दिवस गेले, 5 रुपयांतले दोन-सव्वादोन रुपये गेले. हजेरीचे रकाने एकेक महिना मोजत गेलात तर त्याचं आजारपण, भांडण, पळून जाणं आणि परत आणलं जाणं दिसू लागतं. तो स्वतः कुठेच बोलत नाही. त्याच्यावर कापलेले पैसे बोलतात.

मजुरांचा स्वतःचा आवाज थोडासा ऐकू येतो तो तक्रारींमध्ये. 1871 मध्ये आडॉल्फ द प्लेविट्झ या मजुरांची बाजू घेणाऱ्या मळेवाल्याने जुन्या मजुरांचा अर्ज गव्हर्नरकडे नेला. त्यानंतर 1872 मध्ये राजआयोग, म्हणजे ब्रिटिश सरकारचा चौकशी आयोग, आला, त्याचा अहवाल 1875 मध्ये निघाला. आयोगातले एक सदस्य विल्यम एडवर्ड फ्रियर पूर्वी मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते. अहवालात मळ्यांवरची परिस्थिती, पगाराची थकबाकी, दवाखाने यांचं वर्णन आहे. तुमच्या मळ्याचं नाव त्यात शोधा. लंडनजवळ क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात मॉरिशसच्या गव्हर्नरांचा पत्रव्यवहार ‘सीओ 167’ या मालिकेत आहे, सूची घरबसल्या चाळता येते.

तिथेच ‘टी 71’ ही मालिकाही आहे, ती गुलामांच्या नोंदवह्यांची. आपल्याला तिचं काय, असं वाटेल. पण 1 फेब्रुवारी 1835 ला मॉरिशसमधली गुलामगिरी संपली, मालकांना 21 लाख पौंडांच्या आसपास भरपाई मिळाली, गुलामांना काहीच नाही, आणि त्याच मळ्यांवर, कित्येकदा त्याच झोपड्यांत आपली माणसं जाऊन राहिली. मळ्याचा आधीचा मालक, त्याची माणसं आणि त्याला मिळालेला पैसा पाहिल्याशिवाय त्या मळ्याची गोष्ट अर्धी राहते.

मुंबई आणि मग गाव

आता जिल्हा, परगणा, गाव यांचा रकाना घेऊन इकडे या. लगेच गाडी काढून गावाला जाऊ नका. आधी नकाशा जुना करा. 1848 पर्यंत सातारा स्वतंत्र संस्थान होतं. कुलाबा जिल्हा 1869 मध्ये वेगळा झाला, म्हणून 1850 च्या कागदावरचं ‘टन्ना’ म्हणजे आजचं रायगडही असू शकतं. सिंधुदुर्ग 1981 पर्यंत रत्नागिरीतच होता, सावंतवाडी मात्र संस्थान. सुवर्णदुर्ग, अंजनवेल अशी तालुक्यांची जुनी नावं आता नकाशावर त्या रूपात नाहीत. खेड रत्नागिरीत आहे आणि पुण्यातही. माणगाव रायगडात आहे आणि कुडाळजवळही. कर्जतचं तसंच. परगण्याचं नाव जुळल्याशिवाय गाव नक्की करू नका.

मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख संचालनालय आहे. तिथे खात्यांनुसार बांधलेले खंड आहेत, व्यक्तीच्या नावाने काही मिळत नाही. जहाजाचं नाव आणि वर्ष घेऊन जा, त्या वर्षाच्या सूचीत परदेशी मजूर नेण्याबाबतचा पत्रव्यवहार शोधा. 1871 नंतरचं काही हवं असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ संकेतस्थळावर आधी शोधून बघा, पुष्कळ कागद तिथेच वाचता येतात.

गावपातळीवर तहसील कार्यालयातल्या अभिलेख कक्षात अर्ज करा. मागायचे कागद असे: कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना नंबर 14 (जन्ममृत्यूच्या नोंदी), आणि जमीन-महसुलाचे जुने कागद, म्हणजे कडई पत्रक, फेरफार, रत्नागिरीकडे सूड व बोटखत. गेलेल्या माणसाचं नाव यांत मिळणं कठीण, तो गेला त्यानंतरचे हे कागद आहेत. पण त्याच्या भावाचं, पुतण्याचं नाव मिळेल. खोतीच्या गावात खोताच्या घरचं दप्तर असेल तर तेही विचारा, कुळांची नावं तिथे आधीपासून असतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्याच्या पिढ्या सापडतात, फक्त त्यासाठी गाव आणि कुळनाव दोन्ही हवं.

बराचसा कागद मोडीत असेल. वाचक शोधताना त्याला संपूर्ण रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) देऊ नका, आधी एक पान द्या आणि त्यातल्या तारखेचं त्याने काय केलं ते बघा. शकात 78 मिळवले की इसवी सन येतं, जानेवारी ते मार्च असेल तर 79. फसलीत 590 किंवा 591, शुहूर सनात 599 किंवा 600. हे ज्याला तोंडपाठ नाही त्याच्याकडून नातीगोती वाचून घेऊ नयेत.

शोधताना घरातले कागद हाताळाल तेव्हा: प्लास्टिकचं लॅमिनेशन नाही, चिकटपट्टी नाही, स्टेपल नाही, उन्हात वाळवणं नाही. ज्या क्रमाने गठ्ठा बांधलेला आहे तो क्रम मोडू नका, कोणता कागद कशाशेजारी ठेवला होता ही पण माहिती असते. सोडण्यापूर्वी फोटो काढा, मग एकेका पानाचे दोन्ही बाजूंनी काढा, कोऱ्या दिसणाऱ्या पाठीचेही. परत सुती कापडात गुंडाळा. काही लिहायचंच तर मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात.

गावाला जायचं ते गणपतीत जा. चाकरमानी घरी असतात, एरवी मुंबईत सापडणार नाहीत ते म्हातारे ओटीवर बसलेले असतात, आणि ‘तिकडे गेलेला’ कुणाचा ते त्यांनाच माहीत असतं. मात्र तहसीलदार कचेरीत त्या दिवसांत कुणी भेटत नाही. अर्ज आधीच्या आठवड्यात टाका, मॉरिशसच्या उताऱ्याची मराठीत मोठ्या अक्षरात नक्कल करून सोबत न्या, आणि त्यावर बापाचं नाव सगळ्यांत वर लिहा.